माल चुकीचा जातोय, ओरडून थकलो!

प्रश्न: आमचा मशीनच्या स्पेअर पार्ट्सचा सप्लाय आहे, आठ माणसं आहेत. दर महिन्याला दोन-तीन कस्टमरना चुकीचा पार्ट जातोच. पॅकिंगवाल्या मुलाला समज दिली, पगार कापला, शेवटी काढला, तर नवीन आलेला पण महिन्याभरात तेच करायला लागला. आता मीच पॅकिंगला बसू का?

उत्तर: बसा की, पण पॅक करायला नाही, नुसतं बघायला. दोन दिवस स्टूल टाकून शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा (हेच अवघड आहे, मला माहितीये). खरं तर अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, माणूस बदलला तरी चूक तीच राहिली, मग चूक त्या माणसाबरोबर आलेलीच नव्हती ना.

टोयोटा या जपानी गाड्यांच्या कंपनीतले इंजिनियर ताइइची ओनो एक उदाहरण द्यायचे. मशीन बंद पडलं. का? ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. आपण बहुतेक इथेच थांबतो, फ्यूज बदलतो आणि प्रॉब्लेम सुटला म्हणून चहा प्यायला जातो. ओनो पुढे विचारायचे, ओव्हरलोड का? बेअरिंगला ऑइल कमी पडत होतं. ते का? पंप नीट ऑइल ओढत नव्हता. तो का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. आणि तो का झिजला? तर गाळणी बसवलेलीच नव्हती, धातूचा कीस आत जात होता. आता सांगा, फ्यूज बदलणाऱ्याला कितीही झापलं असतं तरी गाळणी बसली असती का?

तुमच्याकडे हे लावून बघा. चुकीचा पार्ट का गेला, तर शेजारच्या खणातला उचलला. का उचलला, तर दोन्हींचा कोड शेवटच्या एका आकड्यानेच वेगळा आहे आणि लेबल खणाच्या खालच्या कडेला आहे. किंवा ऑर्डरच फोनवर ऐकून कागदावर लिहिली जाते आणि तिथेच आकडा बदलतो. हे मी इथे बसून अंदाजाने लिहितोय, तुम्ही मात्र केबिनमध्ये बसून अंदाज करू नका, प्रत्येक "का"चं उत्तर डोळ्यांनी बघून आलेलं पाहिजे. ओनोंसारखं पाचच वेळा "का" विचारायचं असं पण काही नाही, कधी तीनमध्ये सापडतं, कधी दोन फाटे फुटतात आणि दोन्ही खरे निघतात. फक्त उत्तर "निष्काळजीपणा" आलं की तिथे थांबायचं नाही, तो निष्काळजीपणा खपून का गेला हे विचारायचं.

त्याआधी एक कंटाळवाणं काम करा. मागच्या वीस-पंचवीस चुका वहीत काढा, कुठला पार्ट, किती वाजता, ऑर्डर कशी आली, कोण होतं. बऱ्याचदा दिसतं की निम्म्याहून जास्त चुका दोन-तीन पार्टवर किंवा संध्याकाळच्या घाईतच होतायत. मग अख्खं गोडाऊन हलवायची गरज नाही, तेवढे दोन-तीन पार्ट लांब लांब ठेवा आणि बंद केलेला बॉक्स वजनकाट्यावर ठेवायची सवय लावा, पार्टचं वजन वेगळं असेल तर काटाच बोलेल. जपानी संशोधक साकिची तोयोदांचा १९२४ सालचा कापड विणायचा जी टाइप माग असाच होता, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, कोणी डोळे लावून उभं राहायची गरज नव्हती.

प्रश्न: तुम्ही ओरडू नका म्हणता, पण माझा अनुभव उलटा आहे. झापलं की पुढच्या आठवड्यात चुका कमी होतात, आणि कौतुक केलं की लगेच बिघडतं. मग मी का नाही ओरडायचं?

उत्तर: तुम्ही बघितलं ते खरं आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलाय. अगदी हेच डॅनियल कानेमन यांना (२००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) इस्रायलच्या हवाई दलातल्या एका प्रशिक्षकाने सांगितलं होतं, की शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं आणि शिव्या दिल्या की सुधारतं. कानेमन यांचं म्हणणं, खूप वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण बहुतेक वेळा तसंही जरा बरंच असतं आणि खूप चांगल्यानंतरचं जरा साधारण, मध्ये कोणी काही बोलो न बोलो. तुम्ही ओरडता कधी, तर आठवडा एकदम वाईट गेला की. मग पुढचा बरा जाणारच होता, श्रेय मात्र तुमच्या आवाजाला.

खात्री करायची तर गेल्या वीस आठवड्यांच्या चुका एका कागदावर टिंबांनी मांडा. योगायोग बघा, त्या मागाच्याच वर्षी, १९२४ मध्येच, अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट या संशोधकाने असा तक्ता पहिल्यांदा काढला. टिंबं नेहमीच्या पट्ट्यात (म्हणजे एरवी चुका जितक्या कमी-जास्त होतात तेवढ्यातच) वरखाली होत असतील तर ते तुमच्या कामाच्या पद्धतीचंच रूप आहे, एका आठवड्याचं कारण शोधत बसू नका, पद्धत बदला. एखादं टिंब पट्ट्याच्या पार बाहेर गेलं तर मात्र त्याच दिवशी जाऊन बघा काय वेगळं घडलं. दर वाईट आठवड्याला नवीन नियम काढणारे मालक मी बघितलेत, शेवटी नेमका कुठला नियम चालू आहे हे त्यांनाही आठवत नाही.

प्रश्न: स्टाफ प्रॉब्लेम सांगतच नाही, कस्टमरचा फोन आला की मला कळतं. काय करू?

उत्तर: मागच्या वेळी कोणी येऊन सांगितलं तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं ते आठवा. "कोणी केलं?" असं असेल तर उत्तर मिळालं तुम्हाला. टोयोटाच्या लाइनवर दोरी असते, अडचण दिसली की कामगार ती ओढतो, टीम लीडर तिथे येतो, आणि दिलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरी नसली तरी चालेल, पण पुढचा जो कोणी येऊन सांगेल त्याला "बरं झालं सांगितलंस, चल दाखव" म्हणा आणि हातातलं काम ठेवून खरंच उठा, कारण बाकीचे सात जण तुम्ही उठता का तेच बघत असणार.