चैत्रांगण, पाटावरचं

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): चैत्रगौर बसवते, पण फ्लॅटच्या टाइलवर गेरूचे पोपडे निघतात. प्लायवर कायमचं चैत्रांगण, म्हणजे गौरीपुढची शुभचिन्हांची रांगोळी, काढावं म्हणते. मध्ये महिषासुरमर्दिनी चालेल?

उत्तर: गुळगुळीत टाइल पाणी शोषत नाही. गेरू नुसता वर बसतो आणि वाळला की सुटतो. प्लायच बरा. दोन फूट बाय दोन फूट, १२ मि.मी. जाडीचा घ्या; ६ मि.मी.चा ओल लागली की वाकतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चार मोठे चमचे गेरू अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, मग एक चमचा फेव्हिकॉल घाला. पातळ दोन हात द्या, दुसरा आडवा. वाळल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला रंग आला तर फेव्हिकॉल कमी पडला. अशा गेरूवर पांढरी रेघ ओढली की ती गुलाबी होते. चकाकी आली तर फेव्हिकॉल जास्त झाला. रेघांना पांढरा ॲक्रिलिक आणि दोन नंबरचा ब्रश.

मधोमध आठ इंचांत झोपाळ्यावरची गौर. मग वर सूर्य-चंद्र, बाजूंना शंख, चक्र, गदा, पद्म, खाली कासव, नाग, गोपद्मं. पावलं आत येणारी काढा. घाईत हमखास उलटी पडतात! परंपरेने ५१ चिन्हं सांगतात. एवढ्या पाटावर एकेकाला जेमतेम तीन इंच मिळतात, त्यामुळे आकड्याचा हट्ट नको. पण फणी, आरसा, करंडा गाळू नका. ही गौर महिनाभर, अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरी आलेली. आंब्याची डाळ, पन्हं, झोपाळा हे तिचे लाड. तिच्या हातात त्रिशूळ कशाला? मर्दिनी नवरात्रात काढा, वेगळ्या पाटावर.

प्रश्न (सातारा): महिषासुरमर्दिनी काढतेय. आयुधं कोणाची कोणती? त्रिशुळाने मुंडकं तोडलेलं दाखवू का?

उत्तर: नको. देवीमाहात्म्याच्या तिसऱ्या अध्यायात देवी रेड्याच्या गळ्यावर पाय देऊन शूळ मारते. असुर त्याच्या तोंडातून अर्धा बाहेर येतो आणि त्याचं शिर ती तलवारीने उडवते. म्हणून शूळ रेड्याच्या अंगात, तलवार उगारलेली. आयुधं दुसऱ्या अध्यायात आहेत: शूळ शंकराचा, चक्र विष्णूचं, शंख वरुणाचा, शक्ती (भाला) अग्नीची, धनुष्य नि बाणांचे भाते वायूचे, वज्र आणि घंटा इंद्राची, ढाल-तलवार काळाची. सिंह हिमालयाने दिलेला. आठच हात काढणार असाल तर शूळ आणि तलवारीचे हात आधी ठरवा. बाकीचे त्यांच्या मागे सरकवता येतात.