चिनी एल्मची पाने गळत असतील तर आधी झाड तपासा, कुंडी नंतर बदला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका गार्डन सेंटरमधून तुम्ही 'इनडोअर बोन्साय' अशी चिठ्ठी लावलेले चिनी एल्मचे झाड आणले आणि बैठकीच्या खोलीत रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवले. तीन आठवड्यांत त्याची निम्मी पाने पिवळी पडून गळाली. दुकानात लगेच कुंडी बदलायला सांगितले, तर पुण्याहून तुमच्या आई रोज पाणी घालायला सांगत आहेत, कारण त्यांच्या गच्चीवरचा एल्म त्यावरच उत्तम वाढला आहे. झाड मेले का, कुंडी आता बदलावी का आणि ते घरात ठेवावे की बाहेर, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून झाड जिवंत आहे असे मला वाटते. पाने पिवळी पडून गळाली, हे चिन्ह त्यातल्या त्यात चांगले आहे. पान गळणे ही झाडाने स्वतः केलेली क्रिया असते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान तेथून सुटते, आणि हा थर तयार करण्यासाठी फांदी जिवंत असावी लागते. ज्या फांदीचा पाणीपुरवठा एकाएकी तुटतो तिची पाने करडी पडून जागच्या जागी वाळतात, हात लावला की चुरा होतात, पण गळत नाहीत. तुमच्या झाडावर अशा वाळून चिकटून राहिलेल्या पानांची एखादी फांदी आहे का, हे आधी पाहा. चिंता करायची तर तिची करा.

त्यानंतर दिवसाच्या उजेडात एक बारीक काडी निवडून तिची साल नखाने अगदी किंचित खरवडा. सुरुवात टोकाकडून करावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर काडी जिवंत आहे. कोरडे तपकिरी लाकूड लागले तर बोटभर मागे सरकून पुन्हा पाहा. पान गळालेल्या जागी जो बारीक डोळा असतो तोही निरखा. जिवंत डोळा भरीव आणि काडीला घट्ट चिकटलेला असतो, मेलेला सुरकुततो आणि बोट लागताच निघून येतो. दोन-तीन फांद्यांवर एवढे पाहिले की झाडाची अवस्था बहुतेक कळते.

हे झाड खरोखर चिनी एल्म आहे ना, याचीही खात्री करून घ्या, कारण हिवाळ्यातील सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत. पान लहान, काहीसे चामट आणि दातेरी कडांचे असते आणि देठाजवळ त्याच्या दोन बाजू किंचित असमान असतात. एल्मसारख्याच दिसणाऱ्या झेलकोवा या झाडाच्या पानात त्या बऱ्याच सारख्या असतात. जुन्या खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात. त्याच मांडणीवर विकायला असणारे फुकिएन टी किंवा सॅजरेशिया यांपैकी थंडी न सोसणारे झाड निघाले, तर ते थंडीत बाहेर ठेवण्याचा विचारच सोडून द्यावा. (आपल्याकडचा वावळ एल्मच्याच कुळातला. त्याच्या चपट्या, पंख असलेल्या बिया वाऱ्यावर उडताना आईंनी पाहिल्या असतील, तशाच धाटणीच्या पण लहान बिया या झाडालाही येतात.)

आता मुळांकडे वळू, कारण दुकानातून आणलेल्या एल्मचे खरे दुखणे बहुधा तेथेच असते. ही झाडे दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगडोंग प्रांतात, मोठ्या प्रमाणावर वाढवून निर्यात केली जातात आणि पुष्कळदा शेतातल्या चिकण मातीच्या गोळ्यासह कुंडीत बसवलेली असतात. तुमच्या कुंडीत वर डिंकाने चिकटवलेल्या खड्यांचा थर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून आजच काढून टाका. त्या थरावरून पाणी कडेने ओघळून खालच्या भोकांतून बाहेर पडते, आपल्याला वाटते की झाड न्हाले, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खडे निघाले की लाकडाची एक बारीक काडी मातीत खोल खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढा. ती कोरडी निघाली तर कुंडी कडेपर्यंत पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी आणि मग पूर्ण निथळू द्यावी. ती चिखलाने माखून निघाली आणि तिला कुजका वास आला तर दुखणे उलटे आहे. मग झाड हलक्या हाताने उचलून पाहावे. ते तारेने कुंडीला बांधलेले असेल तर ओढू नये, तार खालून कापावी. निरोगी मूळ बोटांत घट्ट लागते. कुजलेले काळे आणि मऊ असते, चिमटीत धरून ओढले की त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो.

कुंडी आता बदलू नका, असे मी आग्रहाने सांगेन. नोव्हेंबरात, पाने गळत असताना आणि दिवस आखडत असताना, कापलेली मुळे भरून काढायला झाडाकडे ताकद नसते. मुळे खरोखर कुजत असतील, एवढाच एक अपवाद. तेव्हाही मुळांची छाटणी न करता फक्त लिबलिबीत भाग आणि सहज सुटणारा चिखल काढावा आणि झाड थोड्या मोठ्या कुंडीत, पाणी चटकन निथळणाऱ्या जाडसर दाण्यांच्या मिश्रणात बसवून ठेवावे.

पाण्याविषयी आईंचे म्हणणे पुण्यासाठी बरोबर आहे. तेथे गच्चीवर ऊन आणि वारा असतो, उथळ कुंडी एका दिवसात सुकते आणि उन्हाळ्यात कधी दोनदाही पाणी लागते. लेस्टरमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो आणि त्यातही सूर्य क्षितिजाजवळच रेंगाळतो. अर्ध्या पानांचे झाड अशा उजेडात फार थोडे पाणी पिते. म्हणून वार लावून पाणी घालू नका. मातीचा वरचा थर कोरडा वाटला आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की मगच घाला, पण घालाल तेव्हा खालून वाहीपर्यंत घाला. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पानांवर फवारे मारल्याने हवेतला कोरडेपणा फार कमी होत नाही, त्यावर वेळ घालवू नये.

जागा मात्र बदलायलाच हवी. रेडिएटरची ऊब आणि खिडकीचा मंद उजेड हा जोड या झाडाला सर्वांत घातक आहे, कारण ऊब त्याला वाढायला सांगते आणि उजेड त्या वाढीची किंमत पुरवू शकत नाही. चिनी एल्म निमपानगळीचा आहे. उबदार ठिकाणी पाने धरून ठेवतो, थंडीत टाकून देतो आणि दोन्ही प्रकारे जगतो. निरोगी, थंडीला सरावलेला एल्म इंग्लंडमधला हिवाळा बाहेर काढतो. पण तुमचे झाड उबेतून आलेले आहे, त्याला या वर्षी एकदम दहिवरात (गोठलेल्या दवाच्या थंडीत) नेऊन ठेवणे अन्यायाचे होईल. साधारण ५ ते १० अंश तापमान राहील अशी, गरम न केलेली पण उजेडाची जागा शोधा. काचेचे पोर्च असेल तर फारच उत्तम. तेथे उरलेली पाने गळाली तरी घाबरू नका. खरवडून हिरवे दिसते तोवर झाड विश्रांती घेत आहे. मेच्या मध्यानंतर, दहिवराचा धोका टळला की, ते बाहेर न्या. पहिले आठ-दहा दिवस सावलीत आणि मग उन्हात. पुढच्या शरद ऋतूत ते बाहेरच ठेवा, म्हणजे थंडी हळूहळू अंगवळणी पडेल. तापमान उणे ५ अंशांखाली जाण्याची चिन्हे दिसली तर कुंडी शेडमध्ये हलवा, कारण जमिनीतल्या मुळांना मिळणारे संरक्षण उथळ कुंडीतल्या मुळांना नसते.

या काळात खत देऊ नका. कीड मात्र तपासा. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी टिचकीने हलवा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर कोळी कीड आहे, आणि कोरड्या गरम खोलीत ती झपाट्याने वाढते. आधी पाने खालच्या बाजूने पाण्याने धुऊन काढा. काही कीटकनाशकांनी चिनी एल्म पाने टाकतो, म्हणून कोणतेही औषध एका फांदीवर वापरून पाहिल्याशिवाय सगळीकडे मारू नये.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये डोळे फुगू लागतील, ती कुंडी बदलण्याची वेळ. अकादामा (बोन्सायसाठी वापरतात ती दाणेदार जपानी माती), प्युमिस आणि लाव्हा (दोन्ही सच्छिद्र ज्वालामुखी खडे) समप्रमाणात घेऊन, चाळून, धूळ काढून वापरा. मुळांचा साधारण एक तृतीयांश भाग काढा आणि चिकण मातीचा गोळा एकाच वर्षी पूर्ण धुऊन काढण्याचा हट्ट धरू नका. एल्म मुळांची छाटणी चांगली सोसतो. कापलेल्या जाड मुळांचे तुकडे वरचे टोक किंचित बाहेर ठेवून लावले तर त्यांनाही फूट येते, म्हणून ते फेकू नका. त्यानंतर महिना-दीड महिना गेला, नवी फूट जोमात आली, की खत सुरू करावे.

आकाराची घाई मला सर्वांत कमी वाटते. इंग्रजी 'एस'सारखे वळण असलेले खोड पाहून लगेच कात्री उचलावीशी वाटते, पण पहिल्या उन्हाळ्यात फांद्या मोकळ्या वाढू द्या, त्यांच्याच जोरावर मुळे आणि खोड भरतात. ग्वांगडोंगच्या लिंगनान परंपरेत झाड वाढू देऊन, कापून आणि पुन्हा वाढू देऊन घडवतात, आणि एल्मला ती रीत उत्तम मानवते. जोमदार फुटव्याला सहा-आठ पाने आली की तो दोन पानांवर कापावा. शेंडा जोरात वाढतो, म्हणून तेथे कात्री अधिक वेळा लागेल. एवढे मात्र आताच पाहून घ्या: फांद्यांवर आकार देण्यासाठी गुंडाळलेली जुनी तार राहिली असेल आणि सालीत रुतत असेल तर ती उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा.

खरवडलेल्या काडीचे आणि मातीतून जेथे खोड बाहेर येते त्या भागाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून दाखवलेत, तर कोणत्या फांद्या ठेवाव्यात हे मी अधिक नेमके सांगू शकेन.