अडकणारा स्विमिंग पूल क्लीनर: आधी होज तपासा

पन्हाळा रस्त्यावरील आपल्या फार्महाऊसच्या पोहण्याच्या तलावात सक्शनवर, म्हणजे पंपाच्या ओढीवर, चालणारा क्लीनर सतत शिडीपाशी अडकतो, असे आपण सांगितलेत. नवे यंत्र घेण्यापूर्वी काठावर बसून तो कोणत्या वाटेने तेथे पोहोचतो, हे शांतपणे पाहावे. तो दर वेळी एकाच कोपऱ्यात जात असेल, तर गाळलेले पाणी तलावात परत सोडणाऱ्या तोंडांचा रोख किंचित खाली वळवावा, कारण पृष्ठभागावरील प्रवाहच बहुधा होजला (क्लीनरला जोडलेल्या लवचिक नळीला) एका बाजूला ढकलत असतो.

माझ्या मते खरा दोष बहुतेकदा होजमध्येच सापडतो. गुंडाळून ठेवलेला होज वेटोळ्याचा आकार धरून ठेवतो आणि क्लीनरला त्याच वर्तुळात फिरवत राहतो. म्हणून त्याचे तुकडे सुटे करून उन्हात सरळ पसरावेत व पुन्हा कधीही गुंडाळू नयेत. त्याची लांबी स्किमरपासून (तलावाच्या भिंतीतील, पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणाऱ्या तोंडापासून) सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचून साधारण एक तुकडा उरेल इतकीच असावी, कारण जादा होज शिडीभोवती हमखास अडकतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात पालापाचोळ्याने स्किमरची टोपली लवकर भरते, ओढ कमी होते आणि क्लीनर जागीच थांबतो. त्या दिवसांत ती रोज रिकामी करावी. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसत राहिले, तर होजच्या जोडांतून अथवा झाकणाच्या रबरी रिंगेतून हवा शिरत आहे, असे समजावे. होज काढण्यापूर्वी पंप अवश्य बंद करावा. सक्शनच्या उघड्या तोंडाशी मुलांना कदापि जाऊ देऊ नये.