जर्मनीला निघताना पीएफ, पेन्शन आणि कराचं काय?

प्रश्न : वय ३६. चाकणच्या कारखान्यात आठ वर्षं नोकरी झाली, पीएफ कापला जातो. आता स्टुटगार्टच्या कंपनीनं थेट नेमलंय, ऑक्टोबरमध्ये रुजू व्हायचंय. सहकारी म्हणतात, पीएफ-पेन्शन सगळं काढून मोकळा हो. काढू का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : पीएफची रक्कम काढायची की ठेवायची, हे सावकाश ठरवा. सलग सेवा पाच वर्षांवर गेल्यानं काढलेल्या रकमेवर कर नाही. ठेवलीत तर नोकरी सोडल्यानंतरचं व्याज करपात्र होतं. पेन्शनच्या भागाला, म्हणजे ईपीएसला, मात्र हात लावू नका. फॉर्म १०सी पैसे काढायलाही चालतो आणि स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद टिकवणारं प्रमाणपत्र, घ्यायलाही. तुम्ही दुसरा पर्याय निवडा.

कारण असं. ईपीएसची पेन्शन मिळायला दहा वर्षं सेवा लागते, तुमची आठच आहे. पण भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पात्रता ठरवताना दोन्ही देशांतला वर्गणीचा काळ त्यानुसार एकत्र धरता येतो. तिथे दोन वर्षं भरलीत की इथली अट पुरी होते. पैसे काढलेत तर ती आठ वर्षं हिशेबातून जातात. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर आठ वर्षांची पेन्शन महिना साधारण १,७१४ रुपये बसते. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण याच आठ वर्षांचा आधार तिकडेही मिळतो. जर्मन पेन्शनला किमान ६० महिने वर्गणी लागते. चार वर्षांत परत यावं लागलं, तर भारतातली वर्षं धरून ती अट भागते, आणि पेन्शन तिथल्या चार वर्षांपुरती मिळते.

तिथे पगाराच्या १८.६ टक्के पेन्शन वर्गणी जाते, निम्मी तुमची, निम्मी कंपनीची. ६० महिन्यांच्या आत परतलात तर परतावा मागता येतो, पण २४ महिने थांबून, आणि फक्त तुमचा हिस्सा. कंपनीचा हिस्सा गेलाच. म्हणून परताव्याची घाई आम्हाला पटत नाही. भारतातल्या कंपनीनं तिकडे पाठवलेल्या माणसाला पीएफ कार्यालयाच्या प्रमाणपत्रावर ४८ महिन्यांपर्यंत तिथली वर्गणी टाळता येते. तुमची नेमणूक थेट असल्यानं ती सोय तुम्हाला नाही.

आता निघायची तारीख. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी इथे राहिला तर अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून इथेच असाल आणि २८ सप्टेंबरला निघालात, तर १८१ दिवस होतात. २९ ला निघालात तर १८२, म्हणजे निवासी. मग मार्चपर्यंतचा जर्मन पगार इथल्या विवरणपत्रात दाखवून तिथे भरलेल्या कराची सवलत मागत बसायचं. मध्यरात्रीचं विमान असेल तर पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख बघा. खरं तर आठवडाभर आधीच निघा.

निघण्यापूर्वी नोकरी सोडल्याची तारीख यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावर, चढली आहे ना, ते तपासा. कित्येकांचे दावे त्यावरच अडकतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतो. बचत खातं एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करून घ्या. निवासी खातं तसंच चालवणं नियमाविरुद्ध आहे.

प्रश्न : मुलगी म्युनिकला स्थायिक झाली आहे. तिचं पीपीएफ चालू ठेवावं का? माझी शेतजमीन तिच्या नावावर करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जाण्याआधी उघडलेलं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे पाच वर्षांची वाढ मिळत नाही. व्याज इथे करमुक्त असलं तरी जर्मनीत राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर लागतो, त्यामुळे ते तिथल्या विवरणपत्रात दाखवायला हवं. एनआरई, म्हणजे परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या अनिवासी, ठेवींच्या व्याजाचंही तेच.

शेतजमिनीचं बक्षीसपत्र अनिवासी मुलीच्या नावे करता येत नाही. वारसाहक्कानं मात्र ती मिळते, तिला ठेवता येते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते. तेव्हा आत्ता मृत्युपत्र करा आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव व क्षेत्र बरोबर आहे ना, ते पाहून घ्या.