सगळं बंद, तरी मीटरचा दिवा लुकलुकतो

प्रश्न : भाऊ, आमच्याकडे एसी नाही. दोन कूलर, फ्रीज, तीन पंखे, टीव्ही आणि इन्व्हर्टर, एवढंच. तरी मे महिन्याचं बिल ४०२ युनिटचं आलं. घरचे म्हणतात मीटर पळतंय. मुलगा म्हणतो, एवढं बिल भरायचंच तर एसीच घेऊ. परवा मी सगळी बटणं बंद केली, फ्रीजचा प्लगही काढला, तरी मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला आठ वेळा लागला. मीटरवर ३२०० असा आकडा छापलाय. काय समजायचं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, घड्याळ घेऊन मीटरसमोर उभ्या राहिलात, निम्मं काम तिथेच झालं. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवायचो, तेव्हा पहिला धडा हाच असायचा. तो दिवा ३२०० वेळा लागला की एक युनिट पडतं. मिनिटाला आठ म्हणजे तासाला ४८०, म्हणजे तासाला ०.१५ युनिट, म्हणजेच १५० वॅट. दिवसरात्र असंच चालत असेल तर रोज ३.६ युनिट, मेच्या ३१ दिवसांचे ११२!

आता बाकीचा हिशोब मांडू. कूलर साधारण २०० वॅटचा. दोन्ही मिळून रोज १९ तास धरले तर महिन्याला ११८ युनिट. ७५ वॅटचे तीन पंखे १४-१४ तास, ते ९८. फ्रीजला उन्हाळ्यात ४५ धरा, टीव्ही-दिवे-मिक्सरला ३०. बेरीज २९० च्या आसपास. त्यात ते ११२ मिळवा, तुमचं बिल जुळतं. म्हणून मीटरवर मला संशय नाही. संशय इन्व्हर्टरवर आहे.

माझ्याच घरी हे झालं होतं. बॅटरी जिन्याखाली होती, चार वर्षं जुनी. एका संध्याकाळी जवळून जाताना कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, वरून हात फिरवला तर कोमट. सहा झाकणांपैकी एकाखालचं पाणी दर पंधरा दिवसांनी संपायचं, बाकी पाचांचं तसंच राहायचं. त्या झाकणाखालचा सेल, म्हणजे बॅटरीचा तो कप्पा, खराब झाला होता. बॅटरी कधी भरतच नव्हती आणि चार्जर थांबत नव्हता. वीज गेलेली नसतानाही इन्व्हर्टर वीज खात राहतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

तुम्ही इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग काढा आणि पुन्हा मीटर बघा. दिवा थांबला तर चोर सापडला. बॅटरी गरम असेल तर मात्र तिला स्वतः हात लावू नका. तिथे काडी, उदबत्ती काही पेटवू नका, बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. खिडकी उघडा आणि बॅटरीवाल्याला बोलवा. प्लग काढूनही दिवा लागतच राहिला तर बोर्डातले एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे स्विच, एकेक करून पाडा. ज्याने दिवा थांबेल, त्या लाइनवर वायरमनला लावा, कारण कुठेतरी करंट गळत असेल. सगळे पाडूनही लागत असेल तरच मीटर तपासणीचा अर्ज करा.

बऱ्याच जणांना वाटतं, ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसं नसतं. महागात पडतात ते फक्त ३०० च्या वरचे. पण तुमच्या घरी हे ११२ नसते तर तुम्ही ३०० च्या आतच राहिला असता. सगळ्यात महाग युनिट तुम्ही एका मरणाऱ्या बॅटरीसाठी भरताय, याचं मला वाईट वाटतं.

मुलाला सांगा, दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना १५०० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे सात कूलर एकदम. आपल्याकडे मे महिन्याची हवा कोरडीठाक, त्या हवेत कूलरच्या वाळ्याच्या ताटीइतकं चांगलं काही नाही. पावसाळी दमटात कूलर उपयोगाचा नाही, हे खरं. तेव्हा पंखा लावा.

फक्त कूलरसमोरची, पलीकडच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडी ठेवा. खोली बंद केली की ओल साचते, गार वाटत नाही, आणि मग बटण तीनवर जातं. ताट्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर या आठवड्यात बदलूनच टाका.