लक्ष्मीला ओलं फडकं लावू नकोस

अगं,

फोटो पाहिले. आजोळच्या माळ्यावर लक्ष्मीचं जुनं चित्र सापडलं हे झकासच झालं, पण 'याचे किती येतील काका' हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि ओलं फडकं तर हातातच घेऊ नकोस. त्यावर व्हार्निश असतं, मी एकदा माझं असंच एक चित्र उत्साहात पुसलं आणि आकाशात पांढरा ढग उमटला तो कायमचा.

खाली रवि वर्माची सही आहे म्हणून हरखू नकोस, ती छापलेलीच असते. सयाजीरावांनी त्यांच्याकडून करून घेतलेली खरी ऑइल पेंटिंग्ज आपल्या बडोद्याच्या फतेहसिंग म्युझियममध्ये आहेत, जाऊन बघ एकदा. तुझं आहे ते ओलिओग्राफ, दगडावरून छापलेलं, एकेका रंगाला वेगळा दगड. रवि वर्माचा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे श्लायशर नावाच्या जर्मनाने विकत घेतला आणि छपाई वर्षानुवर्षं चालूच राहिली, शिवाय इतरांनी नकला काढल्या त्या वेगळ्या. तेव्हा नुसतं 'जुनं आहे' म्हणून भाव ठरत नाही.

घड्याळजीकडे असतं तसलं भिंग घे आणि लक्ष्मीच्या गालावर धर. रवा सांडल्यासारखे लहानमोठे ठिपके, एकावर दुसरा रंग चढलेला, असं दिसलं तर दगडाची छपाई. ठिपके शिस्तीत, बारक्या फुलांच्या नक्षीसारखे दिसले तर ऑफसेट, म्हणजे नंतरचं पोस्टर, मग फ्रेम कितीही जुनी असो (जुन्या फ्रेममध्ये नवं चित्र घालून विकणारे भरपूर आहेत).

मग खालची पट्टी बघ, प्रेसचं नाव तिथेच असतं. माझ्या एका चित्राची ती पट्टी फ्रेमवाल्याने मापात बसत नाही म्हणून कापून टाकली, मीही आधी सांगितलं नव्हतं. पट्टी गेली की किंमत उतरते, कागद फाटला, डाग पडले तरी उतरते. आणि साडीच्या काठावर जरी-टिकल्या चमकतायत ना तुझ्या फोटोत, त्या कुणीतरी हाताने लावल्यात, तेव्हा तशी हौसच होती, सैल झाल्या असल्या तरी काढू नकोस. कुंकवाचा ठिपकाही राहू दे.

मागची लाकडी फळी मात्र बदलावी लागेल, तिच्यातल्या आम्लाने कागद तपकिरी होऊन कुरकुरीत पापडासारखा तुटायला लागतो. ॲसिड-फ्री बोर्ड माग, काच आणि चित्रात माउंटचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर ठेवायला सांग, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत नको, समोर ऊन नको, आणि आईला समजावून सांग, समईच्या वर पण नको.

आत्ता काच चित्राला चिकटलेली वाटतेय, ओढू नकोस. गुंडाळूही नकोस, व्हार्निश तडकेल. दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवं ठेवून तसंच घेऊन ये, रविवारी मी घरीच आहे. भिंग नाही मिळालं तर माझं आहे.