आयर्लंडमध्ये रात्री काळी घोडागाडी दारात आली तर घरातलं कुणीतरी जातं, ही काय समजूत आहे?

हो, ही तिथली जुनी लोकसमजूत आहे. गाडीला आयरिशमध्ये ‘कोश्ते बावर’ म्हणतात, आणि ती मृत्यूची वर्दी मानली जाते. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १८८८ साली संपादित केलेल्या आयरिश लोककथांच्या संग्रहात तिचं वर्णन आहे: अवाढव्य काळी गाडी, वर शवपेटी, ओढणारे घोडे बिनमुंडक्याचे आणि हाकणारा ‘डुलाहान’, म्हणजे तोही मुंडकं नसलेलाच. गाडी घरघरत दाराशी येते आणि कुणी दार उघडलंच, तर तोंडावर परातभर रक्त फेकलं जातं. (हा रक्ताचा तपशील येट्स यांनी त्यांच्या आधीचे संग्राहक क्रोकर यांच्या हवाल्याने दिलाय.) एकदा निघालेली गाडी रिकामी परतत नाही, असंही सांगतात.

नावातला ‘बावर’ म्हणजे बहिरा. आवाजाबद्दल वापरला तर दबका, पोकळ. गंमत म्हणजे हा शब्द आणि आपला ‘बधिर’ एकाच मूळ शब्दातून आलेत.

फक्त ‘बॅन्शी’शी गल्लत करू नका. ती रडून मृत्यू कळवणारी बाई, आणि ती ठरावीक जुन्या घराण्यांशीच जोडलेली असते. गाडी कधीकधी तिच्यासोबत येते, इतकंच. शिवाय तपशील गावोगाव बदलतात: कुठे गाडी दिसते, कुठे नुसता चाकांचा आवाज येतो.